आजींच्या खोलीतला एसी

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, तीन पिढ्या एका घरात. सासूबाई एक्क्याऐंशीच्या, यजमान गेल्या वर्षी निवृत्त झाले, लेक चोवीस वर्षांची, एम.एस्सी. होऊन नोकरी शोधते आहे. सांवेरला थोडी शेती आहे, ती बटाईनं दिली आहे. सासूबाईंना बीपीचा त्रास. गेल्या उन्हाळ्यात दोन रात्री त्यांची इतकी तगमग झाली की पहाटे डॉक्टरांना बोलवावं लागलं. म्हणून यंदा त्यांच्या खोलीत एसी बसवायचं यांनी ठरवलं आणि घरात महाभारत सुरू झालं. लेक म्हणाली, "तुम्ही पृथ्वी जाळताय, आणि उकडतं म्हणून आणखी जाळताय." हे म्हणाले, "आपल्या एका एसीनं काय होतंय? अमेरिकेला जाऊन सांग." ती ताटावरून उठली. तेव्हापासून बाप-लेकीत अबोला आहे. सासूबाई म्हणतात, माझ्यापायी भांडण नको, मला एसीच नको.

लेक रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर पुराच्या, वणव्याच्या बातम्या बघत पडते. लग्नाचा विषय काढला तर म्हणते, करीन, पण या जगात मूल आणणार नाही. हे दुसऱ्या टोकाला. टीव्हीवर असली बातमी लागली की चॅनेल बदलतात. आणि मला खरं सांगायचं तर काहीच होत नाही. ना भीती वाटते, ना राग येतो. स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, घर यातच दिवस जातो. माझ्यातच काही कमी आहे का? कुणाचं बरोबर आहे? मी कुणाच्या बाजूनं बोलू?

— रामबागेतली एक आई

उत्तर

ताई,

आधी एसीचं संपवू. बसवा. याच आठवड्यात बसवा, आणि सासूबाईंना जवळ बसून सांगा की भांडण त्यांच्यापायी नाही.

वय झालं की घाम कमी येतो, तहान लागल्याचं उशिरा कळतं, बीपीच्या काही गोळ्यांनी अंगातलं पाणी आणखी कमी होतं. दिवसभराचा उकाडा शरीर रात्री उतरवतं. रात्रच गार झाली नाही तर तो उतरत नाही, आणि दुसऱ्या दिवसाचा त्यावर चढतो. म्हणून हवामान खातं रात्रींचीही वेगळी नोंद ठेवतं. दिवसाचा पारा ४० अंशांवर असताना रात्रीचं किमान तापमान सरासरीच्या साडेचार अंश किंवा अधिक वर राहिलं, तर तिला 'उष्ण रात्र' म्हणतात. अशा रात्री म्हाताऱ्या माणसाच्या खोलीतला गारवा हे औषध आहे. औषधाच्या बाटलीवरून कुणी घरात तत्त्वाचं भांडण करत नाही. गोळ्यांचं मात्र डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, उन्हाळ्यात मात्रा बदलावी लागते का ते.

दिवसा कोरड्या मे महिन्यात कूलर अजूनही छान चालतो, तो चालू द्या. पाऊस तोंडावर आला आणि हवा दमट झाली की कूलर नुसती चिकचिक वाढवतो, तेव्हा एसी. २६ अंशांवर ठेवा, वर पंखा मंद फिरू द्या. एकेक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा हिशेब आहे. त्या खोलीवर थेट गच्ची असेल तर मे लागायच्या आत गच्चीला पांढरा चुना मारून घ्या.

आता खरा प्रश्न.

आपल्या माळव्याच्या रात्रीला एके काळी नाव होतं. सकाळ काशीची, संध्याकाळ अवधची, तशी रात्र माळव्याची, शब-ए-मालवा. माझ्या लहानपणी मे महिन्यात गच्चीवर अंथरुणं पडायची आणि पहाटे पायाशी चादर ओढून घ्यावी लागायची. साडेपाचशे मीटर उंचीचं पठार, दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशात सोडून मोकळी व्हायची. ती आता पहिल्यासारखी मोकळी होत नाही. हवेतला कार्बन वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, जमिनीवर गोधडीसारखा पांघरलेला असतो. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता, आज ४२० च्या वर गेलाय. गोधडी जाड झाली. त्यात शहराचं सिमेंट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ते ओकत बसतं. तुमच्या सासूबाईंच्या त्या दोन रात्रींमागे या दोन्ही गोष्टी आहेत. म्हणजे ज्यावरून तुमच्याकडे भांडण चाललंय ते दूरच्या कुठल्या ध्रुवावरचं नाही, तुमच्या घरातल्या खाटेपर्यंत आलेलं आहे. हे तिघांनाही एकदा सांगा. एकाला घाबरवायला किंवा दुसरीला खोटं पाडायला नाही, फक्त इतकंच कळावं म्हणून की दोघं ज्या आजीसाठी भांडताहेत, तिच्याच अंगावर हा विषय येऊन बसलाय.

तुमची लेक वेडी नाही आणि एकटीही नाही. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार मुलामुलींना याच भीतीबद्दल विचारलं होतं. त्यातल्या ५९ टक्क्यांनी सांगितलं की आम्हाला फार किंवा प्रचंड काळजी वाटते, आणि दर दहांतल्या जवळजवळ चौघांजवळ मूल होऊ द्यावं का, हा प्रश्न होता. तेव्हा मुलाच्या बाबतीत तिच्याशी वाद घालू नका. चोवीस वर्षांच्या मुलीनं आज म्हटलेलं उद्या बदलेल किंवा नाही बदलणार, तो तिचा प्रश्न आहे. "सगळ्या अशाच म्हणतात आणि मग करतात" हे वाक्य तर घरातल्या कुणाच्याही तोंडून जाऊ देऊ नका. ती भीतीनं बोलतेय आणि त्या भीतीला आधार आहे. २०२४ हे जगाच्या नोंदीतलं सगळ्यांत उष्ण वर्ष ठरलं, आपल्या देशातही १९०१ पासून नोंदी आहेत त्यात सगळ्यांत उष्ण. हे तिला ठाऊक आहे. तुम्ही "काही होत नाही गं" म्हणालात की तिला एवढंच कळतं, आईला माहीत नाही, मी एकटीच जागी आहे.

तिचं चुकतंय ते दोन ठिकाणी, आणि ते तिला सांगायला हवं. मात्र रात्री दोन वाजता नाही, सकाळी चहाच्या वेळी.

एक, सगळं संपलं असं मानणं. जग दीड अंशानं, दोन अंशांनी तापणार हे आकडे वाचून तिच्या मनात कड्याचं चित्र झालंय, तिथं पोचलं की कोसळलंच. हा कडा नाही, उतार आहे. उतारावर जिथं थांबाल तिथपासून खालचं वाचतं. अंशाच्या दहाव्या भागानंही किती शेतं, किती म्हातारी माणसं वाचतात याचा फरक पडतो. पंधरा वर्षांपूर्वी या शतकाच्या अखेरीला जग चार अंशांनी तापेल अशी भाषा होती. आज देशांनी जे धोरण प्रत्यक्ष हाती घेतलंय त्यावर मांडला तर हिशेब तीन अंशांच्या आसपास येतो. तीन अंश भयंकरच आहेत, त्यात समाधान मानण्यासारखं काही नाही. पण मधला एक अंश आपोआप उतरलेला नाही. कुणीतरी सौर पट्ट्या स्वस्त केल्या, कुणीतरी कायदे लिहिले, कुणीतरी ते लिहायला लावले. आपल्याच राज्यात रीव्याच्या ७५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला २०१७ मध्ये पहिल्या वर्षासाठी युनिटला २ रुपये ९७ पैसे दर निघाला, कोळशापेक्षा स्वस्त. त्यातली काही वीज दिल्लीच्या मेट्रोला जाते. हे तिच्या फोनवर रात्री दोनला येत नाही, कारण भीती दाखवणारी बातमी बोटाला जास्त वेळ धरून ठेवते.

दोन, अपराध. आजीच्या एसीवरून ती जी आग पाखडते ती खरं म्हणजे स्वतःवरच आहे. जन्माला येऊन, दिवे लावून, गाडीवर बसून आपण पाप करतोय अशी तिची भावना झालीय. तिला आकडे आवडतात ना, मग तिला हे सांगा. भारतातला एक माणूस वर्षाला सरासरी दोन टन कार्बन वायू हवेत सोडतो, अमेरिकेतला चौदा टनांच्या आसपास, सगळ्या जगाची सरासरी पाचाच्या थोडी खाली. एक्क्याऐंशी वर्षांच्या, चुलीपासून गॅसपर्यंत आलेल्या बाईला या हिशेबात आरोपी करता येत नाही. एसीची काळजी असेल तर काळजी करण्याची नेमकी जागा वेगळी आहे. त्याच्या आतला थंडाव्याचा वायू. जुन्या यंत्रांतले कित्येक वायू, गळून हवेत गेले तर, वजनाला वजन कार्बन वायूच्या दोन हजार पट गरम करतात. आता आर-३२ नावाचा मिळतो तो पावणेसातशे पट, आणि प्रोपेनवर चालणारी यंत्रंही आली आहेत, त्यांचा परिणाम नगण्य. एसी कोणता घ्यायचा हे काम लेकीकडेच सोपवा. वीज बचतीच्या चांदण्या (स्टार) किती, आत वायू कोणता, आणि दुरुस्तीला आलेला माणूस जुना वायू हवेत सोडून देणार की भरून नेणार, हे तिनं दुकानदाराला उभं राहून विचारावं. भीतीला हात-पाय दिले की ती निम्मी होते, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

याच यंत्रांची आणखी एक गोष्ट तिला सांगण्यासारखी. फ्रिज-एसीतल्या जुन्या वायूंनी आकाशातल्या ओझोनच्या थराला भोक पडत होतं. त्याचीही जगाला अशीच धास्ती होती. १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला, देशांनी ते वायू टप्प्याटप्प्यानं बंद केले, आणि तो थर आता हळूहळू भरून येतोय. धास्ती घेतलेल्या माणसांनीच ते घडवून आणलं.

पण झोपेचं वेगळं बघा. रात्री फोन खोलीबाहेर, हा नियम एकट्या तिला लावू नका, घरातल्या सगळ्यांनी पाळा. महिनाभर झोप नाही, जेवण कमी, कशातच मन नाही असं असेल तर तो विचारांचा प्रश्न राहत नाही, डॉक्टरांचा होतो. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, फोन करायला लाजायचं काही कारण नाही.

आता यजमान. तुमच्या पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य त्यांच्याबद्दलचं आहे: असली बातमी लागली की ते चॅनेल बदलतात. ताई, ज्याला खरोखर काही वाटत नाही तो चॅनेल बदलत नाही. तो जेवत राहतो, बातमी चालू राहते. चॅनेल बदलणाऱ्याला ती बघवत नाही. आईसाठी पहाटे डॉक्टरांना आणणारा, तिला पुन्हा तसं होऊ नये म्हणून एसी ठरवणारा माणूस बेफिकीर कसा असेल? त्यांची भीती मुलीच्या भीतीइतकीच खरी आहे. मुलगी ती बोलून दाखवते, ते दाबून ठेवतात. आपल्या पिढीच्या पुरुषांना, जे सोडवता येत नाही त्याबद्दल बोलायचं नाही, हेच शिकवलं गेलं. "एका एसीनं काय होतंय" याचा अर्थ मला "माझ्या हातात काय आहे" असा ऐकू येतो.

त्यांच्याशी 'जलवायु परिवर्तन' हा शब्दच काढू नका. तो आपल्याकडे वर्तमानपत्राच्या हिंदीतून येतो, मराठीत 'हवामान बदल' म्हणतात. दोन्ही शब्दांना घराचा वास नाही. त्यांना सांवेरच्या गव्हाचं विचारा. मार्च २०२२ त्यांना नक्की आठवेल. १९०१ पासूनच्या नोंदीतला देशातला तो सगळ्यांत तापलेला मार्च. ओंबीत दूध भरायच्या दिवसांतच ऊन असं पडलं की उत्तरेत कित्येक ठिकाणी दाणा बारीक राहिला, आणि १३ मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. त्या वर्षी आपल्याकडे काय झालं, बटाईदारानं पेरणी मागेपुढे केली का, वाण बदललं का, सोयाबीन काढणीच्या पावसाचं आता काय धोरण ठेवतात, हे विचारा आणि मुलीला शेजारी बसू द्या. मला खात्री आहे, तासभर बोलतील. 'डग डग रोटी, पग पग नीर' म्हणत ज्या मातीचं कौतुक आपण ऐकत आलो, तिच्याबद्दल शेतमालकाला काही वाटत नाही असं होत नाही. त्यानं ते कधी मोठ्या शब्दांत मांडलेलं नसतं, एवढंच.

आणि अमेरिकेचं त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे, ते मुलीनं मान्य करावं. दोष आपला कमी आहे. उन्हाळा मात्र आपल्या वाट्याला पूर्ण आलाय, आणि तो ज्याच्या दारात आलाय त्याला, दोष कुणाचा हे ठरेपर्यंत हातावर हात ठेवून बसता येत नाही, हे त्यांनी मान्य करावं.

आता मला जे सांगायचं आहे ते. लोक म्हणतात, समाजात काही जण उगाच घाबरवतात आणि बाकीचे झोपलेले आहेत. मला ते तसं दिसत नाही. लग्नाच्या पंगतीत हा विषय काढून बघा, लोक वाढप्याकडे बघू लागतात. पण त्याच माणसांना एकेकटं गाठा, प्रत्येकाजवळ एक रात्र, एक विहीर, एक आटलेली बोअर असते. २०२४ मध्ये १२५ देशांतल्या जवळजवळ एक लाख तीस हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना विचारलं होतं, जगाचं तापणं रोखायला उत्पन्नातला एक टक्का दर महिन्याला द्याल का? ६९ टक्के हो म्हणाले. मग विचारलं, तुमच्या देशातले किती लोक हो म्हणतील? त्यांचा अंदाज ४३ निघाला. प्रत्येकाला वाटतं, मला काळजी आहे, इतरांना नाही. मग कशाला बोलायचं? आणि सगळे गप्प राहतात. त्या गप्प राहण्याला आपण बेफिकिरी म्हणतो. तुमच्या जेवणाच्या टेबलावरही हेच चाललंय.

हे शहर असं नव्हतं. १९७० साली मी आठ वर्षांची होते. तेव्हा यशवंतसागर आणि बिलावली या तलावांचं पाणी वाढत्या इंदूरला पुरेनासं झालं होतं. आमच्या वाड्यातल्या नळाला पहाटे चारला धार यायची, कधी यायचीही नाही, आणि आई मला उठवून हंड्यांच्या रांगेत उभी करायची. पाण्याची भीती प्रत्येक घरात होती, पण ती घरात बसून राहिली नाही. त्या पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, नर्मदा इंदूरला आणा म्हणून आख्खं शहर रस्त्यावर आलं. विद्यार्थी, व्यापारी, गिरणी कामगार, वेगवेगळ्या पक्षांचे लोक, अभ्यास मंडळ या नागरिकांच्या संस्थेची माणसं. सत्तर किलोमीटरवरून विंध्याचा चढ चढवून नदी वर आणायची ही मागणी तेव्हा अनेकांना अशक्य वाटत होती. सरकारला हो म्हणावं लागलं, आणि १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी इंदूरच्या नळांना आलं. मी सोळा वर्षांची होते. आईनं पहिला हंडा भरून देवापुढे ठेवला होता.

तेव्हाही शहरात मुलीसारखी माणसं असणार, आता हे गाव पाण्यावाचून मरणार म्हणणारी. यजमानांसारखीही असणार, दरवर्षी असंच असतं म्हणणारी. फरक एवढाच की ती एकमेकांशी बोलत होती आणि एका मोर्चात चालत होती. भीती कुणा एकाच्या उशाशी पडून राहिली नव्हती.

याचा पुढचा भागही सांगायला हवा, नाहीतर ही नुसती अभिमानाची गोष्ट होईल. नर्मदा आपोआप चढून येत नाही. नदीकाठच्या जलूदहून तिला पंपानं वर लोटावं लागतं, रोज, चोवीस तास. त्याला अवाढव्य वीज लागते, आणि आपल्या राज्याची बरीचशी वीज कोळशाची. म्हणजे जिनं तहान भागवली तीच वाट थोडीथोडी गोधडी जाड करत राहिली. आपण कुणी हे मुद्दाम केलं नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत महापालिकेनं जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी २४४ कोटींचे हरित रोखे काढले. मागणी त्याच्या जवळजवळ तिप्पट आली. पैसे घालणाऱ्यांत साधी माणसंही होती. मुलीला हे सांगा, कारण तिला वाटतं मोठ्यांनी फक्त बिघडवलं. यजमानांनाही सांगा, कारण त्यांना वाटतं मोठ्या गोष्टी आपल्या हातात नसतात. सिरपूरचा तलाव बघून या दोघांनी. भालू मोंढे आणि त्यांच्या साथीदारांनी वर्षानुवर्षं त्या तलावासाठी चिकाटी धरली नसती तर तिथं पक्षी राहिले असते का, शंका आहे. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर दोन्ही रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले. हिवाळ्यात पहाटे बाप-लेकीला एका स्कूटरवर धाडा. बोलायची सक्ती करू नका. पक्षी बघताना माणसं आपोआप कुजबुजतात.

आता तुमचं, ताई. तुम्ही शेवटी दोन ओळींत उरकलंत, पण पत्र त्यासाठीच लिहिलंत असं मला वाटलं. माझ्यातच काही कमी आहे का, असं विचारलंत.

रोज सकाळी कचऱ्याची गाडी येते तेव्हा गीला एका डब्यात, सूखा दुसऱ्यात, असं वेगळं करून देणारं तुमच्या घरात कोण आहे? मला उत्तर माहीत आहे. आठ-नऊ वर्षं, एकही दिवस न चुकता. तो ओला कचरा पूर्वी देवगुराडियाच्या ढिगाऱ्यावर कुजायचा आणि त्यातून मिथेन निघायचा, जो शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन वायूच्या सुमारे अठ्ठावीस पट तापवतो. २०२२ च्या फेब्रुवारीपासून तिथं रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवायची सोय आहे, त्यावर शहराच्या बस चालतात. ते यंत्र कितीही मोठं असलं तरी त्यात प्लॅस्टिक मिसळलेला कचरा चालत नाही. ते चालतं कारण लाखो स्वयंपाकघरांत बायका कांद्याची सालं आणि दुधाची पिशवी वेगळी ठेवतात. तुम्हाला भीती वाटत नाही, राग येत नाही, म्हणून तुम्ही कोरड्या आहात असं कुणी सांगितलं? तुम्ही दमलेल्या आहात. घरातल्या दोघांची भीती, तिसऱ्या माणसाचं आजारपण, सगळं तुमच्या ओट्यावर येऊन पडतं. वाटायला उसंत तरी लागते. दोन आठवडे सासूबाईंच्या रात्रीच्या औषधांचं काम यजमानांकडे द्या. ते निवृत्त झालेत, तुम्ही नाही.

बाजू कुणाचीच घेऊ नका. त्याऐवजी एक काम तिघांत वाटा. गच्चीवर सौर पट्ट्या बसतील का ते बघा. केंद्राची सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली. तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं आणि महिन्याला साधारण तीनशे युनिट वीज निघते. यजमानांना बिलं काढून बसू द्या, तो त्यांचा प्रांत आहे. अर्ज, कागद, विक्रेत्यांचे भाव लेक बघेल. एसीची वीज उन्हातूनच निघाली तर तिचं म्हणणंही राहतं आणि त्यांचंही. नाही जमलं, गच्ची लहान निघाली, शेजारच्या इमारतीची सावली आली, तरी दोघं एका कागदावर वाकलेले असतील. मला तेवढं पुरे.

एसी बसला की पहिल्या रात्री सगळ्यांनी सासूबाईंच्या खोलीत बसा. त्यांना विचारा, १९७० मध्ये तुम्ही कुठं होतात? रामबागेतल्या सव्वीस वर्षांच्या सुनेला त्या मोर्चांबद्दल काय आठवतंय, घरचे जाऊ देत होते का, पाणी कसं पुरवत होत्या. मध्ये कुणी बोलू नका. काय सांगतात ते मला जरूर कळवा.

आणि एक राहिलं. एसीचं बाहेरचं यंत्र बसवायला माणूस येईल तेव्हा तो सोपं पडतं म्हणून गल्लीच्या बाजूला लावू पाहील. रामबागेच्या गल्ल्या अरुंद आहेत. त्याची गरम हवा सरळ समोरच्यांच्या खिडकीत जाईल आणि त्यांच्याकडेही कुणी म्हातारं असेल. पाइप थोडा लांब लागला तरी चालेल, पैसे थोडे जास्त द्या, पण यंत्र गच्चीवर न्यायला लावा.